छापील वेगाच्या पलीकडे : प्रोसेसर हाताने वेगवान करण्याचा इतिहास

१/
२४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने एकाच दिवशी बाजारात आणलेल्या प्रोसेसरांतले दोन पाहा. एक पेंटियम २, वेग ४५० मेगाहर्ट्झ, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. काही आठवड्यांतच हौशी संगणकप्रेमींच्या ध्यानात आले, की यांतला स्वस्त प्रोसेसर थोड्या खटपटीने महागड्याच्या वेगाने धावतो. चिपवर छापलेला आकडा आणि चिपच्या अंगी असलेली ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा सर्वांसमोर उघड झाले. पण हा प्रकार त्याआधीपासून चालत आला होता. ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसरला कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापुढे हाताने नेण्याच्या, चाळीस वर्षांचा हा थ्रेड.

२/
प्रथम ‘वेग’ म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे. संगणकात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो. त्याच्या कंपनांतून ठराविक अंतराने ठोके निर्माण होतात आणि प्रोसेसरमधले प्रत्येक काम त्या ठोक्यावर पुढे सरकते. लेझीमच्या पथकाला हलगीचा ठेका असतो तसेच हे. ठेका कितीही जलद करता येतो. पण रांगेतल्या सर्वांत मंद गड्याचे पाऊल पुढच्या ठोक्याआधी पूर्ण व्हायला हवे. ते झाले नाही तर रांग मोडते. प्रोसेसरमध्ये ‘पाऊल’ म्हणजे शेकडो ट्रान्झिस्टरांतून होणारा विद्युत्-संकेताचा प्रवास. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्सा मिळतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो. ठोका लवकर पडला, तर प्रोसेसर अर्धवट तयार झालेले उत्तर उचलतो. हे उत्तर चुकीचे असू शकते, आणि ते चुकीचे आहे हे प्रोसेसरला कळतही नाही. या थ्रेडमध्ये हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

३/
१९८१ चा आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. इतका विचित्र आकडा का? त्यातला इंटेल ८०८८ तर ५ मेगाहर्ट्झसाठी प्रमाणित होता. उत्तर अमेरिकन दूरदर्शन संचात सापडते. आयबीएमने मदरबोर्डवर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक बसवला. त्याला ४ ने भागले की अमेरिकन रंगीत टीव्हीला लागणारी कंप्रता मिळे आणि ३ ने भागले की प्रोसेसरचा ठोका. एका स्फटिकात दोन कामे भागली. पीसीचा पहिला वेग अशा रीतीने काटकसरीने ठरला. चिपच्या ताकदीने नव्हे.

४/
खरी सुरुवात १९८४ च्या आयबीएम पीसी/एटीपासून होते. यात ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालत होता. त्याचा १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक मदरबोर्डवर डाग देऊन पक्का केलेला नव्हता, तो सॉकेटमध्ये बसवलेला होता. लोकांनी तो उपटला आणि जागी १६ किंवा १८ मेगाहर्ट्झचा स्फटिक खोचला. ठोका निम्मा होऊन प्रोसेसरला मिळत असल्याने ६ चे थेट ८ किंवा ९ मेगाहर्ट्झ झाले. खर्च किरकोळ. कित्येक हजार डॉलरच्या यंत्राला दीडपट वेग!

५/
आयबीएमने यावर जे केले ते पुढच्या सगळ्या इतिहासाची नांदी ठरावे असे आहे. एटीच्या नंतरच्या बायोसमध्ये एक तपासणी घालण्यात आली. यंत्र सुरू होताना ठोका अपेक्षेपेक्षा जलद आढळला, तर ते चालू होण्यासच नकार देई. आणि मग १९८६ मध्ये आयबीएमने स्वतःच ८ मेगाहर्ट्झची एटी विक्रीस काढली. चिपला वेग झेपत नव्हता म्हणून कुलूप लावले, असे म्हणायला त्यामुळे फारशी जागा उरत नाही.

६/
(जाता जाता : त्याच काळातल्या क्लोन संगणकांच्या दर्शनी भागावर ‘टर्बो’ नावाचे बटण असे. नाव वेगाचे, पण त्याचा खरा उपयोग यंत्र मंद करण्यासाठी होता. ४.७७ मेगाहर्ट्झ गृहीत धरून लिहिलेले जुने खेळ जलद यंत्रावर इतके सुसाट सुटत, की खेळणाऱ्याला कळ दाबायलाही सवड मिळत नसे.)

७/
चिपमध्ये ही शिल्लक येते कोठून? सिलिकॉनच्या एकाच चकतीवर, म्हणजे वेफरवर, शेकडो चिप एकत्र घडवल्या जातात. एकाच भट्टीतल्या सगळ्या विटा सारख्या भाजत नाहीत, तशा या चिपही सारख्या उतरत नाहीत. मग प्रत्येकीची चाचणी घेऊन प्रतवारी होते आणि त्यानुसार वेगाचा शिक्का बसतो. शिक्का मारताना कंपनी वाईटात वाईट परिस्थिती धरून चालते : उन्हाळ्यातली बंदिस्त कॅबिनेट, धुळीने भरलेला पंखा, किंचित कमी पडणारे व्होल्टेज, आणि अनेक वर्षांच्या वापराने चिपला येणारे म्हातारपण. या सर्वांसाठी राखून ठेवलेली जागा म्हणजे सुरक्षेची शिल्लक. ती वाया गेलेली शक्ती नसते, हे ओव्हरक्लॉकिंगच्या उत्साहात नेहमी विसरले जाते.

८/
याशिवाय शिल्लकेचा दुसरा एक प्रकार आहे आणि तो निव्वळ व्यापारी आहे. कारखान्याचा हात बसला की बहुतेक चिप उत्तम निघू लागतात. पण बाजाराला मात्र स्वस्त चिपच अधिक हव्या असतात. अशा वेळी उत्तम चिपवर कमी वेगाचा शिक्का मारून ती स्वस्तात विकली जाते. पहिल्या प्रकारच्या शिल्लकेला हात लावणे म्हणजे यंत्राच्या आयुष्याशी सौदा. दुसऱ्या प्रकारची शिल्लक मात्र जवळजवळ फुकटची. हातातल्या चिपमध्ये कोणती किती आहे, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. ओव्हरक्लॉकिंगची सारी कला आणि सारा धोका या अज्ञानात आहे.

९/
१९९२ च्या ४८६डीएक्स२ ने आणखी एक दार उघडले. मदरबोर्डची बस, म्हणजे प्रोसेसर आणि स्मृती यांना जोडणारा मार्ग, ३३ मेगाहर्ट्झवर चाले आणि प्रोसेसर आतल्या आत तो ठोका दुप्पट करून ६६ वर धावे. येथून वेग हा गुणाकार बनला : बसचा ठोका गुणिले प्रोसेसरचा गुणक. साहजिकच वेग वाढवण्याच्या किल्ल्याही दोन झाल्या. मदरबोर्डवरच्या बारीक जंपरची जागा बदलली की काम होई. डाग देण्याची गरज नाही, स्फटिक शोधत बाजार पालथा घालण्याची गरज नाही.

१०/
ही सोय हौशी लोकांइतकीच भामट्यांनाही आवडली. नव्वदच्या दशकाच्या मध्यास स्वस्त प्रोसेसरवरचा छापील आकडा खरवडून वरचा आकडा छापायचा आणि महागात विकायचा, हा धंदा फोफावला. घेणाऱ्याला आपण ओव्हरक्लॉक केलेले यंत्र वापरतो आहोत याची गंधवार्ताही नसे. संगणक अधूनमधून बंद पडतो एवढेच त्याला दिसे. इंटेलने उपाय म्हणून गुणक चिपमध्येच कायमचा बंद करण्यास आरंभ केला. कारण खरे होते. आणि सोयीचेही होते. कारण याच कुलपामुळे स्वस्त चिप विकत घेऊन महागडीचे काम करून घेण्याची प्रामाणिक वाटही बंद झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

११/
आता पुन्हा १९९८. त्या वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुय्यम कॅश स्मृती अजिबात नव्हती, त्यामुळे तो रखडत चाले आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. ऑगस्टमधल्या ३००ए मध्ये इंटेलने ही चूक भरून काढली, आणि जरा जास्तच भरून काढली. त्याची १२८ किलोबाइट कॅश प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर होती व त्याच्याच पूर्ण वेगाने चाले. महागड्या पेंटियम २ ची ५१२ किलोबाइट कॅश वेगळ्या चिपमध्ये होती आणि निम्म्या वेगाने चाले. ३००ए चा गुणक ४.५ वर कुलूपबंद. बस ६६ मेगाहर्ट्झची. गुणकाला हात लावता येत नसेल, तर बसला लावावा! त्याच वर्षी आलेल्या ४४०बीएक्स चिपसेटवर बस १०० मेगाहर्ट्झने चाले. १०० गुणिले ४.५ बरोबर ४५०.

१२/
ते करण्याच्या दोन रीती होत्या. ॲबिट कंपनीच्या बीएच६ सारख्या मदरबोर्डवर जंपरऐवजी बायोसच्या पडद्यावरून बसचा वेग निवडता येई. ज्यांच्या मदरबोर्डवर ती सोय नव्हती, त्यांनी प्रोसेसरच्या कार्डावरच्या बी२१ या एका संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. ‘मला ६६ ची बस हवी’ हा निरोप प्रोसेसर त्या पट्टीतून मदरबोर्डला देत असे. पट्टी झाकली, निरोप खुंटला, आणि मदरबोर्डने १०० ची बस दिली.

१३/
या प्रकरणात सुरक्षिततेचा एक उत्तम धडा दडलेला आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. बसचा ठोका केवळ प्रोसेसरपुरता नव्हता. त्यालाच भागून पीसीआय मार्गाचा ठोका काढला जाई आणि हार्ड डिस्कचा कारभार त्या मार्गावर चाले. पीसीआयचा नेमका वेग ३३ मेगाहर्ट्झ. ६६ च्या बसला २ ने भागले की ३३; १०० च्या बसला ३ ने भागले की पुन्हा ३३. पण कोणी सावधपणे, ‘थोडेसेच वाढवू’ म्हणून बस ८३ वर ठेवली तर? भागाकार २ नेच होई आणि पीसीआय ४१.५ वर जाई. प्रोसेसर थंड, पडद्यावर सारे सुरळीत, आणि हार्ड डिस्कवर लिहिल्या जाणाऱ्या फायली मात्र आतून सडत चाललेल्या. ८३ पेक्षा १०० अधिक सुरक्षित होते. यंत्राची रचना ठाऊक नसेल तर भित्रेपणाही वाचवत नाही.

१४/
सगळे ३००ए ४५० वर पोहोचत, असे मात्र नव्हते. काहींना नेमून दिलेले २.० व्होल्ट पुरत, काहींना २.२ लागत, काही कशानेच बधत नसत. व्होल्टेज वाढवल्याने ट्रान्झिस्टर चटकन उघडझाप करतात हे खरे. पण त्याची किंमत मोजावी लागते. चिप खात असलेली वीज ठोक्याच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३०० चे ४५० केले, तर वीज दीडपट. त्यासाठी २.० चे २.२ व्होल्ट केले, तर १.१ चा वर्ग १.२१, दीडने गुणून सुमारे १.८ पट. वेग वाढतो दीडपट आणि उष्णता जवळपास दुप्पट. शिवाय तापलेले सिलिकॉन मंदावते, म्हणून आणखी व्होल्टेज द्यावेसे वाटते. हे चक्र जिथे सुरू होते तिथेच थांबणे इष्ट.

१५/
२००० साली एएमडीच्या ॲथलॉन आणि ड्यूरॉन प्रोसेसरांनी या इतिहासातले सर्वांत घरगुती हत्यार पुरवले : शिसपेन्सिल. गुणकाचे कुलूप चिपच्या पृष्ठभागावरच्या काही तुटक रेघांच्या रूपात उघड्यावर होते. पेन्सिलीतले ग्रॅफाइट विजेचे वाहक. रेघांची टोके पेन्सिलीने जोडली की कुलूप उघडे. पुढल्या वर्षीच्या ॲथलॉन एक्सपीमध्ये एएमडीने त्या रेघांच्या मध्ये बारीक खड्डे पाडले. मग लोकांनी आधी खड्डे गोंदाने बुजवले आणि वरून वाहक रंगाची रेघ ओढली.

१६/
सप्टेंबर २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. चालू संगणकातल्या प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून बाजूला काढायचा आणि काय होते ते पाहायचे, एवढाच प्रयोग. पेंटियम ४ ने आपला वेग आपोआप घटवला. चाललेला खेळ रखडला, पण यंत्र जिवंत राहिले. १.४ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन काही सेकंदांत धुरासह संपला. प्रयोग थोडा अन्यायाचा होता, कारण प्रत्यक्ष वापरात हीटसिंक असा गळून पडत नाही. तरीही तापमान वाढताच प्रोसेसरने स्वतःला आवरले पाहिजे, ही अपेक्षा त्यानंतर रूढ झाली. आज उष्णतेमुळे प्रोसेसर झटकन जळणे दुर्मीळ आहे ते याच अंगभूत लगामामुळे.

१७/
त्या लगामाने एक भ्रम मात्र निर्माण केला : तापमान आवाक्यात असले की सर्व क्षेम. जानेवारी २००२ मध्ये आलेल्या ‘नॉर्थवूड’ पेंटियम ४ ने तो भ्रम फोडला. १३० नॅनोमीटर तंत्राने घडलेला हा प्रोसेसर १.५ व्होल्टचा. थंड राहतो, वेगही भरपूर घेतो, म्हणून लोकांनी त्याला १.७ व्होल्ट आणि त्याहून अधिक पाजले. आठवडे, महिने सारे ठीक चालले. मग एके दिवशी यंत्र अडखळले, वेग कमी करूनही सावरेना, आणि काही काळाने उठलेच नाही. हौशी मंडळींत या दुखण्याला ‘सडन नॉर्थवूड डेथ सिंड्रोम’ असे नावच पडले. नावात ‘सडन’ असले तरी मरण आकस्मिक नव्हते. ते पहिल्या दिवसापासून हळूहळू येत होते.

१८/
अशा मरणाचे शास्त्र जुने आहे. मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्येच चिपमधल्या धातूच्या तारांचे आयुष्य मोजण्याचे सूत्र मांडले होते. बारीक तारेतून दाट विद्युत्-प्रवाह वाहू लागला, की इलेक्ट्रॉनांच्या धक्क्यांनी धातूचे अणूच जागचे सरकतात. नदीने काठाची माती न्यावी तसे. एका जागी तार झिजते, दुसऱ्या जागी गाळ साचतो. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. प्रवाहाची घनता आणि तापमान, दोन्ही वाढले की आयुष्य झपाट्याने घटते. व्होल्टेजचा ताण ट्रान्झिस्टरमधल्या अतिशय पातळ विलगक थरांवरही पडतो आणि त्यांचीही झीज होते. चिप जितकी सूक्ष्म, तितके हे सगळे नाजूक. म्हणून एका पिढीला मानवलेले व्होल्टेज पुढच्या पिढीला विष ठरू शकते. जुन्या चिपचा आकडा नव्या चिपला लावणे ही या छंदातली सर्वांत महाग पडलेली सवय.

१९/
आता दुसऱ्या पोस्टमधल्या मुद्द्याकडे : चुकीचे उत्तर. मायक्रोसॉफ्टचे अभियंता रेमंड चेन यांनी २००५ मध्ये एक प्रसंग लिहिला. विंडोज कोसळल्याच्या अहवालांत काही अहवाल निव्वळ अशक्य कोटीतले होते. प्रोसेसरमधल्या एका जागेत शून्य भरणे, एवढ्याच साध्या सूचनेवर संगणक कोसळला होता. या सूचनेत चुकण्यासारखे काही नसतेच. वापरकर्त्यांकडे विचारणा झाली, तेव्हा ओव्हरक्लॉकिंगचा उलगडा झाला. काहींनी ते स्वतः केले होते. काहींना मात्र आपले यंत्र ओव्हरक्लॉक केलेले आहे याचा पत्ताच नव्हता. विकणाऱ्याने ते तसेच करून ‘वेगवान संगणक’ म्हणून गळ्यात मारले होते. दहा वर्षांपूर्वीची खरवडलेली चिप नव्या वेशात परतली होती.

२०/
कोसळणारा संगणक त्यातल्या त्यात बरा, कारण तो आपली चूक बोलून दाखवतो. न कोसळता हिशेबातला एक अंक बदलणारा संगणक जास्त घातक. चूक पकडायची तर उत्तर आधीच ठाऊक असलेले अवघड गणित प्रोसेसरला तासन्‌तास घालायला हवे. असे गणित अनपेक्षित जागी तयार होते. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्या शोधण्याची एक जागतिक स्वयंसेवी मोहीम सुरू केली. तिच्या ‘प्राइम९५’ या प्रोग्रॅममध्ये लाखो अंकी संख्यांचे गुणाकार करावे लागतात. ते दशांश अपूर्णांकांतून केले जातात, पण शेवटी उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यावेच लागते. ते फार दूर भरकटले, की कोठेतरी यंत्र चुकले हे प्रोग्रॅमला कळते. एका संख्येच्या तपासणीत आठवडे जात आणि मध्येच एक बिट उलटला तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून या मोहिमेने एकाचे उत्तर दुसऱ्याच्या यंत्रावर पुन्हा ताडून पाहण्याची शिस्तही पाळली. याच प्रोग्रॅममधली ‘टॉर्चर टेस्ट’ पुढे ओव्हरक्लॉकिंगची अग्निपरीक्षा बनली.

२१/
मूळ संख्यांनी प्रोसेसर उघडा पाडण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे अमेरिकन गणिताध्यापक जुळ्या मूळ संख्यांचा अभ्यास करत असताना त्यांना पेंटियमच्या भागाकारातला प्रसिद्ध दोष सापडला. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड पडला. त्या चिप तर छापील वेगानेच चालत होत्या!

२२/
वर आलेल्या एकेका अपघातातून हाताने ओव्हरक्लॉकिंग करण्याची एक शिस्त रुजली. ती कोणी एकाने लिहून ठेवली नाही. जळालेल्या चिपांनी ती शिकवली. प्रथम महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून ठेवायच्या. मग यंत्र मूळ वेगावरच पूर्ण ताणाखाली चालवून तापमान नोंदवायचे. जे मूळ वेगालाच तापते, त्याला आधी चांगला हीटसिंक हवा. स्मृतीचा वेग तूर्त मूळ जागीच ठेवायचा, म्हणजे चूक झाली तर कोणाची ते कळते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. व्होल्टेजला हात न लावता गुणक एकेका पायरीने चढवायचा आणि दर पायरीवर थोडी चाचणी घ्यायची. यंत्र पहिल्यांदा अडखळते, तिथे फुकटची शिल्लक संपलेली असते. पुढे जायचेच असेल तर व्होल्टेज वाढवायचे ते शतांश व्होल्टच्या मापाने, आणि त्या पिढीच्या चिपसाठी मान्य असलेली मर्यादा आधी माहीत करून घेऊनच. शेवटी कित्येक तासांची दीर्घ चाचणी. ती पार पडली, तरी रोजच्या वापरासाठी एक पायरी खाली उतरायचे, कारण चाचणी हिवाळ्यात झालेली असते आणि यंत्राला मे महिन्यातही चालायचे असते. यंत्र उठलेच नाही तर घाबरायचे कारण नाही. मदरबोर्डवरच्या ‘क्लिअर सीमॉस’ जंपरने बायोस मूळ पदावर येतो.

२३/
या शिस्तीत एक बारकावा आहे. बायोसमध्ये ठरवलेले व्होल्टेज प्रोसेसरवर ताण येताच थोडे खाली उतरते. पुष्कळांना हा मदरबोर्डचा दोष वाटला आणि ते ‘लोड-लाइन कॅलिब्रेशन’ कमाल पातळीवर ठेवून ही घसरण पार मिटवू लागले. प्रत्यक्षात ती घसरण मुद्दाम ठेवलेली असते. ताण एकाएकी सुटला, की व्होल्टेज क्षणभर उसळते. ती उसळी मर्यादेत राहावी म्हणून ही जागा. पडद्यावरचा आकडा स्थिर दिसतो आणि न दिसणाऱ्या उसळ्या चिपला झिजवत राहतात.

२४/
मधल्या काळात उद्योगाचा पायाच हलला होता. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात घटवले, तर उष्णता न वाढता वेग वाढतो. तीस वर्षे या आधारावर वेगाची शर्यत चालली. मग व्होल्टेज आणखी घटवणे अशक्य होऊ लागले. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत रद्द केला आणि उद्योग एकाऐवजी अनेक कोअरकडे वळला. वेग आपोआप वाढेनासा झाला, तेव्हा वेग वाढवण्याची मुभा हीच विक्रीची वस्तू बनली. २००३ च्या ॲथलॉन ६४ एफएक्समध्ये गुणक खुला होता, पण किंमत श्रीमंतांची. २०११ मध्ये इंटेलने के-मालिकेतले २५००के आणि २६००के आणले. गुणक खुला, किंमत इतर चिपांपेक्षा थोडीच जास्त. त्याच पिढीत बसचा मूळ ठोका इतर सर्व मार्गांच्या ठोक्याशी असा बांधला, की तो काही टक्क्यांपलीकडे हलवताच यंत्र कोलमडे. त्या पिढीच्या बिगर-के चिपांसाठी सेलेरॉनची वाट बुजली. १९८५ च्या सुमारास आयबीएमने जे दार बंद केले होते, त्याचे आता तिकीट लागले.

२५/
इंटेलने २०१२ पासून त्यावर विमाही विकला. जादा पैसे भरले, तर ओव्हरक्लॉकिंगमध्ये जळालेली चिप एकदा बदलून मिळे. २०२१ मध्ये ही योजना बंद झाली.

२६/
विक्रमांचे जग निराळे. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन किंवा त्याहून थंड द्रव हीलियम ओतून, काही क्षणांपुरता गाठलेला आकडा. २०११ मध्ये एएमडीच्या एफएक्स प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठले. २०२२ मध्ये इंटेलच्या एका प्रोसेसरने ९ चा टप्पा ओलांडला. तमाशा प्रेक्षणीय खरा, पण घरच्या मेजावरच्या यंत्राला त्यातून शिकण्यासारखे फार थोडे.

२७/
घरच्या यंत्राच्या बाबतीत मोठा बदल गाजावाजा न होता झाला. २००८ नंतर प्रोसेसर तापमान आणि विजेचा अंदाज घेऊन आपला वेग स्वतःच वरखाली करू लागले. म्हणजे पूर्वी हौशी माणूस जी शिल्लक शोधून काढत असे, ती आता कारखानाच बाहेर काढून छापील आकड्यात मोजू लागला. २०११ च्या ३.३ गिगाहर्ट्झच्या २५००के ला चांगल्या हीटसिंकखाली ४.५ च्या आसपास नेणे नेहमीचे होते. आजच्या वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरमध्ये हाताने इतकी कमाई संभवत नाही. तिजोरी आधीच रिकामी करून दिलेली असते.

२८/
तिजोरी रिकामी करण्याची किंमत २०२३ आणि २०२४ मध्ये दिसली. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसह करपले. स्मृती जलद करणारी तयार प्रोफाइल निवडताच मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला जादा व्होल्टेज देत होते. एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. स्मृती जलद करणे हेही ओव्हरक्लॉकिंगच, फक्त एका बटणाचे. ‘आपण काही बदललेच नाही’ असे मानणाऱ्यांची यंत्रे त्यात सापडली.

२९/
इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे प्रकरण याहून खोल. नवे खेळ सुरू होताना ‘व्हिडिओ स्मृती अपुरी’ असा संदेश येऊन बंद पडत. लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत राहिले. दोष प्रोसेसरचा होता : दाबून साठवलेली माहिती उलगडताना तो हिशेबात चुकत होता, आणि उलगडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ताळा पाहण्याची सोय असल्यानेच ही चूक पकडली गेली. १९९६ च्या मूळ संख्यांचे काम येथे खेळांच्या फायलींनी केले. तपासाअंती इंटेलने सांगितले, की प्रोसेसर काही वेळा प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होता आणि त्या व्होल्टेजने व तापमानाने आतली एक विशिष्ट मंडले अकाली म्हातारी होत होती. ती मंडले ठोका चिपभर पोहोचवणारी होती. ज्यांनी बायोस कधी उघडलाही नव्हता, अशांच्या चिपाही त्यात झिजल्या.

३०/
ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या मायक्रोकोडने व्होल्टेजची मागणी १.५५ वर रोखली आणि या चिपांची हमी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. झालेली झीज मात्र मायक्रोकोडने भरून येत नव्हती. अशी चिप बदलून घेणे हाच उपाय होता. मदरबोर्ड कंपन्यांनी बायोसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ नावाची निवड ठेवली, कारण तोवर त्यांतल्या अनेकींनी विजेच्या मर्यादा स्वतःहून सैल करून ठेवल्या होत्या. त्या वर्षी नवे यंत्र जोडणारा जाणता माणूस बायोसमध्ये शिरला, की वेग वाढवण्याआधी या मर्यादा पुन्हा खाली आणत होता आणि मग व्होल्टेज शतांशाशतांशाने कमी करत बसत होता.